तांबट बोलू लागला

ग्वाल्हेरीत वसंत ओळखावयाचा तर पंचांग फारसे कामास येत नाही. आमचे शास्त्र वसंताला चैत्र-वैशाख देते. पण दारी गुढी उभी राहते तोवर लष्करच्या गल्ल्यांतून उन्हाच्या झळा लागू लागलेल्या असतात. संक्रांतीचा तिळगूळ वाटला म्हणून थंडीही हटत नाही. उलट त्याच सुमारास सकाळी असे धुके पडते की समोरचा किल्ला दिसू नये, आणि रात्री पारा पाच-सहा अंशांवर उतरावा. माघ शुद्ध पंचमीला मंडळी पिवळी वस्त्रे नेसून शारदेपुढे बसतात, गवई बसंत-बहार आळवतात. आत स्वेटर असतोच! मुरैनेच्या वाटेवरची मोहरी तर डिसेंबरातच पिवळी होऊ लागते, तेव्हा तिचीही साक्ष धरता येत नाही.

खरी वर्दी देतो तो तांबट. चिमणीहून थोडा मोठा, ठेंगणा, अंगाने हिरवा. कपाळी आणि छातीवर तांबडा टिळा, गळा पिवळा. हा पाहुणा नव्हे. वड-पिंपळाच्या फळांवर बारा महिने इथेच असतो. पण कडाक्याच्या थंडीत मौन धरतो. ऊन जरा तापले की एखाद्या दुपारी एकसारखे 'टुक्, टुक्, टुक्' सुरू होते. बोलतानाही याची चोच मिटलेलीच; फुगतो तो गळा. शिवाय मान सारखी इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आपण कडुनिंबात शोधावे आणि स्वारी पिंपळाच्या शेंड्यावर असावी.

तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून तो तांबट. 1810 साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली आणि तिचे लष्कर झाले; आपल्या माणसांबरोबर हे नावही तेव्हाच आले असावे. इकडचे लोक त्याला छोटा बसंता म्हणतात. एकाने कसब ऐकले, दुसऱ्याने ऋतू. आमच्या घरांतली मुले आता बसंताच म्हणतात आणि मला त्यात वावगे वाटत नाही. स्टीलच्या भांड्यांत वाढलेल्या पोरांना तांबटाचा ठोका कुठला ठाऊक?

नावाचे एक वेळ राहू द्या. पक्ष्याला घर हवे. वठलेल्या मऊ लाकडात, शेवग्यासारख्या झाडाच्या सुक्या फांदीत, तो स्वतः रुपयाहून थोडे मोठे असे गोल भोक कोरतो. जुन्या वाड्यांच्या मागील दारी असल्या फांद्यांना तोटा नव्हता. आता वाडे उतरत आहेत, आणि झाड राहिले तरी सुकी फांदी अंगणाची शोभा बिघडवते म्हणून तिच्यावर करवत आधी चालते. हिरवी फांदी कापताना लोक हळहळतात, वठलेलीला कोणी विचारीत नाही.

आमच्या मागील दारच्या शेवग्याची एक फांदी यंदा वठली आहे. ती तोडावयास आलेल्या माळ्याला चहा पाजून मी परत धाडले. कालपासून तिच्यावर ठोके पडू लागले आहेत. हे मात्र गळ्याचे नव्हेत, चोचीचे.