मावळातला पाऊस आणि म्हातारपणची हाडं

मंडळी, आज आपण ड जीवनसत्त्वाबद्दल बोलणार आहोत, तेही मावळ-लोणावळ्याच्या हिशेबानं. भारतात ऊन भरपूर, मग याची कमतरता कशी? पण लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर सूर्य दिसतो तरी किती?

उन्हातले अतिनील ‘बी’ किरण त्वचेवर पडले की हे जीवनसत्त्व तयार होतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात, मग आतडं जेवणातलं कॅल्शियम नीट शोषतं. ते कमी पडलं, तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून रक्ताची गरज भागवतं. हाडं ठिसूळ होतात, मांड्यांतलं बळही जातं. उठताना हाताचा टेकू लागतो. अशात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरला, की खुबा मोडायला वेळ लागत नाही. त्यात सत्तरीपुढची त्वचा तरुणपणाच्या निम्म्याहून कमी जीवनसत्त्व बनवते.

कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात हे किरण फार थोडे. सोपी खूण सांगतो: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन कामाचं. साधारण ११ ते २ ही वेळ. हातपाय उघडे ठेवून १५-२० मिनिटं बसावं. एप्रिल-मेच्या कडक उन्हात त्याहून कमी, आणि चक्कर येत असेल तर नकोच. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी उपयोगाचं नाही, काच हे किरण अडवते.

ऊन बंद झालं, की रक्तातलं प्रमाण काही आठवड्यांतच उतरू लागतं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरांना विचारून घ्यावं. साठीनंतर रोज ८०० युनिट ड जीवनसत्त्व आणि १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०२० ची शिफारस सांगते. आपला इंद्रायणी भात चवीला उत्तम, पण त्यात कॅल्शियम नगण्य. १०० ग्रॅम नाचणीत मात्र ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. सोबत दूध-दही हवंच.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी बहुधा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. चुकून रोज घेतली, तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. घरात आजी-आजोबा हे औषध घेत असतील, तर आजच त्या पाकिटावर ठळक अक्षरांत वार लिहून ठेवा.