ई२० पेट्रोलने अ‍ॅव्हरेज किती पडतं? आधी ‘कशाच्या तुलनेत’ ते ठरवू

मी इंधनाच्या ज्वलनावर पीएचडी करतोय हे कळलं की नातेवाइकांपासून मेसमधल्या मित्रांपर्यंत सगळे एकच विचारतात: ई२० पेट्रोल परवडतं का? एकजण सांगतो, गाडीचं अ‍ॅव्हरेज वीस टक्क्यांनी पडलं. दुसरा म्हणतो, काहीच फरक नाही. सरकारी निवेदन म्हणतं, फरक किरकोळ आहे. तिघंही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी हा विषय मला म्हणूनच आवडतो. वरवर वाद आकड्यांचा दिसतो, पण प्रत्येकजण वेगळ्याच गोष्टीशी तुलना करत असतो.

कागद-पेन घेऊन बसू. एक लिटर शुद्ध पेट्रोल जाळलं की साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. इथेनॉलच्या लिटरमागे मिळते साधारण २१. कारण सोपं आहे: इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजनचा अणू आधीच बसलेला असतो आणि वजनाने तो जवळजवळ ३५ टक्के भरतो. म्हणजे ते इंधन थोडं ‘आधीच जळलेलं’ आहे म्हणा ना. आता ई२० म्हणजे आकारमानाने २० टक्के इथेनॉल. बेरीज केली तर लिटरला साधारण २९.८ मेगाज्यूल येतात. शुद्ध पेट्रोलच्या मानाने घट ६ ते ७ टक्के.

नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या चारचाकींसाठी नेमका हाच ६ ते ७ टक्क्यांचा अंदाज दिलेला आहे. सोशल मीडियावर फिरतो तो आकडाही हाच. पण तुम्ही ई२० च्या आधी शुद्ध पेट्रोल भरत होतात का? नाही. देशात १० टक्के मिश्रणाची सरासरी जून २०२२ मध्येच गाठली गेली होती. म्हणजे गाडी आधीच ई१० वर चालत होती आणि ई१० मध्ये लिटरला साधारण ३०.९ मेगाज्यूल असतात. तिथून ई२० वर येताना घट होते साडेतीन टक्के. निम्मा फरक तुम्ही २०२२ पर्यंतच, कोणतीही आरडाओरड न करता, पचवलेला होता.

टक्केवारी वाचली की तिचा पाया कुठला, हे विचारायची सवय लावून घ्या. पेपर वाचताना रोज उपयोगी पडेल.

आता त्या ‘वीस टक्के पडलं’वाल्याकडे येऊ. त्याला खोटं ठरवायची घाई नको, पण एक मर्यादा काढून बघता येते. समजा, ई१० वरून ई२० वर जाताना जे जास्तीचं इथेनॉल आलं, त्यात ऊर्जाच नाही, ते निव्वळ पाणी आहे. अशा अशक्य परिस्थितीतही लिटरमागची ऊर्जा साधारण १० टक्क्यांनीच घटेल. म्हणजे २० टक्के घट इंधनातल्या ऊर्जेच्या हिशोबात बसतच नाही. कारण दुसरीकडे शोधावं लागेल: सेन्सर बिघडलाय, फिल्टर चोकअप झालाय, ब्रेक घासतोय, किंवा मोजण्यात गडबड आहे. अशी ‘याहून जास्त होऊच शकत नाही’ची रेघ ओढायला पाच मिनिटं लागतात आणि कित्येक वाद तिथेच मिटतात.

मग नव्या गाड्यांसाठी त्याच आराखड्यात फक्त १ ते २ टक्के घट का दिलीय? ऊर्जा कमी, पण अ‍ॅव्हरेज तितकं पडत नाही, हे कसं? याचं उत्तर ऑक्टेनमध्ये आहे. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा बराच वर, साधारण १०८ च्या आसपास असतो. शिवाय वाफ होताना ते जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे आत येणारी हवा थंड होते. या दोन्हींमुळे इंजिनात नॉकिंग लवकर होत नाही. ज्या इंजिनाला याची जाणीव आहे ते ठिणगी थोडी आधी टाकू शकतं, आणि नव्याने डिझाइन केलेलं असेल तर कॉम्प्रेशनही वाढवता येतं. म्हणजे थोड्या ऊर्जेतून जास्त काम निघतं. जुन्या इंजिनाला हा फायदा घेताच येत नाही. ते बिचारं फक्त तोटा सोसतं.

हवेचं गणितही बदलतं. पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पटच. इंजेक्टर असलेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघून ईसीयूला सांगतो, ईसीयू इंधन थोडं वाढवतो आणि प्रकरण मिटतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकीला हे कोण सांगणार? तिथे मिश्रण पातळ होतं, सकाळी स्टार्ट करताना त्रास होतो, पिकअप अडखळतं.

कागदावरचं इथपर्यंत ठीक. पण तुमच्या स्वतःच्या गाडीत हा साडेतीन टक्क्यांचा फरक तुम्हाला दिसेल का? माझ्या मते नाही, आणि या विषयातला मला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो.

आपण अ‍ॅव्हरेज काढतो टाकी फुल ते टाकी फुल. पंपावरचं नोझल कधी लवकर कट होतं, कधी उशिरा. एका टाकीत एसी जास्त लागला, दुसरीत घाटात जाऊन आलात, तिसरीत टायरमधली हवा कमी होती. समजा, या सगळ्यामुळे प्रत्येक टाकीचा आकडा सरासरीच्या वरखाली ८ टक्क्यांनी हलतो, म्हणजे प्रमाण विचलन ८ टक्के. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हे काही फार नाही. संख्याशास्त्रात एक झटपट नियम आहे: दोन गटांतला फरक भरवशाने पकडायचा असेल, तर विचलनाला फरकाने भागा, वर्ग करा, १६ ने गुणा. ८ भागिले ३.५, त्याचा वर्ग, गुणिले १६. उत्तर येतं साधारण ८४. म्हणजे प्रत्येक इंधनाच्या ८४ टाक्या! महिन्याला दोन टाक्या धरल्या तर एका इंधनाला साडेतीन वर्षं.

म्हणून ‘मी दोन टाक्यांत चेक केलं’ हे वाक्य, बाजू कुठलीही असो, पुरावा म्हणून फार हलकं आहे.

आता प्रयोगाची रचना बदलू. तोच रस्ता, तीच वेळ, एसी बंद, टायर प्रेशर दरवेळी तपासलेलं, तोच पंप. यामुळे विचलन २ टक्क्यांवर आलं असं धरा. तोच नियम लावा: पाच-सहा टाक्या पुरतात. ८४ वरून सहावर. जास्त मोजण्यापेक्षा नीट मोजणं किती स्वस्त पडतं बघा. मात्र त्याची किंमतही आहे: मिळालेलं उत्तर त्या एका रस्त्यापुरतंच खरं.

अजून एक अडचण राहतेच. टाकीत नक्की किती टक्के इथेनॉल होतं? बदल होत असतानाच्या महिन्यांत हे प्रमाण ठिकाणागणिक वेगळं असू शकतं. मोजायची जुनी युक्ती आहे. मोजपात्रात पेट्रोल घ्यायचं, त्यात ठरावीक पाणी टाकून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पाण्याकडे जातं, खालचा थर वाढतो, किती वाढला त्यावरून अंदाज येतो. हे लॅबमध्येच करा, आईच्या स्वयंपाकघरात नको.

याच गुणधर्माची दुसरी बाजू गाडीला नडते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होत राहते, त्यामुळे फारसं बिघडत नाही. पावसाळाभर पार्किंगमध्ये अर्ध्या टाकीवर उभ्या असलेल्या गाडीत मात्र पाणी साचून खाली वेगळा थर होऊ शकतो. जुन्या गाड्यांमधल्या काही रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई२० ला चालतील असेच बनवलेले आहेत. तुमची गाडी त्याआधीची असेल तर मॅन्युअल बघा आणि सर्व्हिसिंगला गेल्यावर इंधनाच्या नळ्या व फिल्टर आवर्जून दाखवा. अ‍ॅव्हरेजपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते, कारण हा परिणाम हळूहळू होतो आणि दोन टाक्यांत दिसत नाही.

खर्चाचा हिशोब लहान आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर, लिटरला १५ चं अ‍ॅव्हरेज आणि १०४ रुपये दर धरा. साडेतीन टक्क्यांनी वर्षाला २९ लिटर जास्त लागतात, म्हणजे तीन हजार रुपये. नीती आयोगाच्या आराखड्यात या घटीची भरपाई म्हणून कर सवलतीचा विचार व्हावा असं सुचवलं होतं. पंपावर ई२० काही स्वस्त झालेलं दिसत नाही.

का नाही, याचं एक उत्तर इथेनॉलच्या खरेदी दरात आहे. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये दर होता. त्यातली ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश धरली, तर पेट्रोलच्या लिटरइतकी ऊर्जा १०८ रुपयांना पडते, तीही कर धरायच्या आधी. साखर काढून उरलेल्या सी-हेवी मळीच्या इथेनॉलला ५७.९७ रुपये होते. तोच हिशोब ८७ रुपयांवर येतो. म्हणजे ‘इथेनॉल स्वस्त की महाग’ हा प्रश्नसुद्धा कशापासून बनलेलं, हे विचारल्याशिवाय अर्धवटच.

पाण्याचंही तसंच. एक लिटर इथेनॉलमागे उसाला २,८६० लिटर पाणी लागतं, असं त्याच आराखड्यात म्हटलंय. पण मळीपासून बनवलं तर ते पाणी साखरेच्या खात्यावर टाकायचं की इथेनॉलच्या? ऊस साखरेसाठी लावलाच होता म्हणाल तर इथेनॉल जवळजवळ फुकट. इथेनॉलच्या पैशामुळेच सोलापूर-मराठवाड्यात ऊस टिकून आहे म्हणाल तर पाण्याचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. दोन्ही पद्धतींनी पेपर लिहिता येतात. वाचताना लेखकाने कुठली वाटणी निवडलीय ते बहुधा पुरवणी माहितीत कुठेतरी सापडतं.

शुद्ध पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली, त्यामुळे साध्या पंपावर निवड अशी उरलेली नाही. मला विचाराल तर २०२३ नंतरची गाडी असेल तर डोक्याला ताप करून घेऊ नका. जुनी असेल तर वर्षाचे तीन हजार आणि नळ्या बदलायचा खर्च धरून चाला, आणि पावसाळ्यात ती महिनोन् महिने उभी ठेवू नका.