मोटारसायकलीचे वंगण तेल

मोटारसायकलीचे वंगण तेल : चार धावांच्या (फोर-स्ट्रोक) एंजिनाच्या मोटारसायकलीत वापरावयाचे वंगण. मोटारगाडीत एंजिन व गिअरपेटी यांची तेले वेगळी असतात. बहुतेक आधुनिक मोटारसायकलींत मात्र एंजिन, गिअरपेटी आणि तेलात बुडालेला क्लच या तिन्हींना एकच तेल पुरवावे लागते. त्यामुळे मोटारगाडीचे उत्तम तेल मोटारसायकलीला उत्तम ठरेलच असे नाही. (दोन धावांच्या एंजिनात तेल पेट्रोलबरोबर जळून जाते, त्याचा विचार येथे केलेला नाही.)

खरी अडचण क्लचची आहे. दट्ट्या व धारवे यांना घर्षण जितके कमी तितके हितकर; क्लचच्या तबकड्यांचे कार्य मात्र घर्षणावरच चालते. इंधन वाचविण्यासाठी मोटारगाडीच्या काही तेलांत घर्षण घटविणारी द्रव्ये मिसळतात. अशा तेलाने क्लच घसरू शकतो : घाट चढताना एंजिनाची गती वाढते, पण वाहनाचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, आणि तबकड्या तापून झिजतात. यासाठी जपानमध्ये १९९८ साली ‘जासो टी ९०३’ हे मानक निघाले. त्यातील ‘एमए’ वर्गाची तेले ओल्या क्लचसाठी असतात. २००६ मध्ये या वर्गाचे ‘एमए१’ व ‘एमए२’ असे भाग पाडण्यात आले व त्यांपैकी दुसऱ्यात क्लचचे घर्षण अधिक राहते. कमी घर्षणाचा ‘एमबी’ वर्ग कोरडा क्लच असलेल्या गिअररहित स्कूटरांना चालतो.

श्यानता (दाटपणा) एस. ए. ई. अंकांनी दर्शवितात. १००° से. तापमानास ३० अंकाच्या तेलाची श्यानता ९·३ ते १२·५, तर ५० अंकाच्या तेलाची १६·३ ते २१·९ सेंटिस्टोक असते. ‘डब्ल्यू’ या अक्षरापूर्वीचा अंक थंडीतील वर्तन सांगतो. २०डब्ल्यू तेलाची चाचणी –१५° से. ला घेतात. महाराष्ट्रात अशी थंडी पडत नाही. तरीही हा अंक लहान असल्यास एंजिन सुरू होताच तेल वरच्या भागांपर्यंत लवकर पोहोचते. विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी दाट तेलच हवे, हा समज सरसकट खरा नाही. १०डब्ल्यू-३० तेलासाठी आखलेल्या एंजिनात २०डब्ल्यू-५० घातल्यास शक्ती व इंधन वाया जाते. निर्मात्याच्या पुस्तिकेत तापमानानुसार पर्याय दिलेले असतात. तेच प्रमाण मानावेत.

बहुश्रेणी तेलाचा दाटपणा उष्णतेत टिकावा म्हणून त्यात लांब साखळ्यांची बहुवारिके घालतात. गिअरच्या दात्यांमध्ये चिरडून या साखळ्या तुटतात व तेल पातळ होते. हवेने थंड होणाऱ्या लहान एंजिनात तेल जेमतेम एक लिटर असते आणि ते बरेच तापते. त्यामुळे मोटारगाडीच्या तेलाइतके ते टिकत नाही. झीज रोखणाऱ्या जस्त-फॉस्फरसयुक्त संयुगांचे प्रमाणही पाहावे लागते. जासो मानकात फॉस्फरस ०·०८ ते ०·१२ टक्के असावा लागतो. तेल काळे होणे हे ते निकामी झाल्याचे लक्षण नव्हे. प्रक्षालक द्रव्ये काजळी तरंगत ठेवतात म्हणून तसे दिसते. पातळी घटली असल्यास मात्र विलंब न लावता त्याच प्रतीचे तेल भरावे.