पहाटेचा समुद्र आणि शाळेची भिंत

समुद्रावरच्या सूर्योदयाचे चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच देखावा येतो. खाली निळे पाणी, वर तांबडे आभाळ, आणि मधल्या रेषेतून अर्धा वर आलेला सूर्याचा लाल गोळा. वाण्याच्या दुकानातले कॅलेंडर घ्या, हॉटेलची भिंत घ्या, नाहीतर शाळेतला तक्ता घ्या, चित्र हेच. ते देखणे असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते आपल्या समुद्राचे नसते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि तिथून पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर कुठेही उभे राहा, समुद्र पश्चिमेला आहे. सूर्य उगवतो तो आपल्या पाठीमागे, सह्याद्रीच्या अंगाने. समुद्रातून वर येणारा सूर्य पाहायचा तर पुरीला, विशाखापट्टणला किंवा कन्याकुमारीला जावे लागते. मुंबईला गेटवे ऑफ इंडियापाशी सूर्य पाण्याच्या बाजूने उगवतो खरा, पण ते बंदराचे पाणी; त्याच्या पलीकडे बेटे आहेत, डोंगर आहेत. उघड्या समुद्राची ती गोष्ट नव्हे.

यावर कोणी म्हणेल, एवढा काय फरक पडतो? पडतो, आणि शिक्षकमंडळींना तो लगेच कळेल. लातूर-बीडकडच्या किंवा खानदेशातल्या पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. वर्गातल्या भिंतीवर जे चित्र असेल, तोच त्यांचा समुद्र. उलट रत्नागिरीच्या मुलाला समुद्र रोजचा. त्याला गुरुजी सांगतात, समुद्र पश्चिमेला आणि सूर्य उगवतो पूर्वेला. भिंत मात्र सांगते, सूर्य समुद्रातून उगवतो. मुलाने खरे कुणाचे मानायचे? मोठे चित्र मोठ्याने बोलते. म्हणून ते खरे बोलणारे हवे. आपल्याच किनाऱ्यावरची पहाट कॅमेऱ्यात कशी धरावी आणि तिची मोठी प्रत भिंतीसाठी कशी तयार करावी, हे आज थोडक्यात पाहू.

सूर्य पाठीमागे उगवतो, मग समोर पाहायचे काय? पुष्कळ आहे. आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी सूर्योदयाच्या आधी अर्धा तास किनाऱ्यावर पोचा आणि तोंड पश्चिमेकडे करा. थोड्या वेळाने समुद्राच्या रेषेला लागून एक राखी निळा पट्टा दिसू लागतो. तो ढग नव्हे आणि धुकेही नव्हे. ती पृथ्वीची सावली आहे. पाठीमागून, क्षितिजाखालून, सूर्य पृथ्वीवर प्रकाश टाकतो आणि पृथ्वीची सावली समोरच्या हवेवर पडते. त्या पट्ट्याच्या वर फिकट गुलाबी रंगाचा दुसरा पट्टा असतो. सूर्याचे किरण हवेच्या फार लांब थरातून येतात. वाटेत त्यांतला निळा भाग इकडेतिकडे विखरून जातो आणि तांबूस भाग तेवढा पुढे पोचतो. तो समोरच्या हवेवर आपटून आपल्याकडे परत येतो, म्हणून तो गुलाबी रंग. सूर्य जसा वर येतो तशी सावली खाली खाली जाते आणि सूर्योदयाच्या सुमारास समुद्रात बुडून नाहीशी होते. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचणे निराळे आणि तिची सावली सरकताना पाहणे निराळे!

हे सगळे पौर्णिमेच्या किंवा तिच्या दुसऱ्या दिवशीच्या पहाटे पाहावे. पूर्ण चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो; म्हणून इकडे सह्याद्रीवर सूर्य येत असतो त्याच सुमारास तिकडे अरबी समुद्रावर चंद्र मावळतीला टेकलेला असतो. रात्री चंद्राचा फोटो घेतला तर एक चंद्र तरी पांढरा ठिपका होतो, नाहीतर जमीन तरी काळी होते. पहाटेच्या उजेडात मात्र चंद्र आणि समुद्र यांच्या तेजात फार अंतर राहत नाही आणि दोन्ही एका चित्रात मावतात. पूर्व किनाऱ्याकडे उगवता सूर्य असेल, पण उगवत्या सूर्याच्या उजेडात समुद्रावर मावळणारा चंद्र आपल्या पश्चिम किनाऱ्याकडेच आहे.

तिथीचा संबंध भरतीओहोटीशीही आहे. कोकणात एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती सव्वाअकराला आणि त्याआधी सुमारे सहा तास, पहाटे पाचच्या आसपास, ओहोटी. यावरून चित्र आधीच ठरवता येते. ओल्या वाळूत आभाळाचे प्रतिबिंब हवे असेल तर पौर्णिमा-अमावास्येची पहाट निवडावी. खडकावर पाणी आपटताना हवे असेल तर सप्तमी-अष्टमीची. पण हिशेब ढोबळ आहे हे विसरू नये. खाडीच्या तोंडाशी वेळ बदलते. खडकावर जाण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक पाहावे आणि गावातल्या एखाद्या कोळीदादाला विचारावे. उधाणाच्या दिवसांत पाणी झपाट्याने चढते, आणि कॅमेऱ्यात डोळा घातलेल्या माणसाचे पाठीमागे लक्ष नसते. मुले बरोबर असतील तर खडकाचा नाद सोडून वाळूवर राहावे.

हंगाम म्हणाल तर पाऊस सरल्यापासून उन्हाळा तापेपर्यंतचा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहत असतात, त्यामुळे काठाजवळचे पाणी दुपारपेक्षा शांत असते. दुपारनंतर खारे वारे सुटले की ती शांतता राहत नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. साधा मोबाइल असला तरी चालेल; पण मोठ्या प्रतीचा विचार पहिल्यापासून मनात हवा. तळहातावरच्या चित्रात जे दोष दिसत नाहीत, ते पाच फुटांवर गेले की ओरडू लागतात. पहिला दोष हात हलण्याचा. पहाटे उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडे राहते आणि तेवढ्यात हात हलतो. कॅमेरा तिपाईवर ठेवावा. ओल्या वाळूत तिपाईचे पाय दाबून रोवावेत, कारण लाट परतताना पायांखालची वाळू ओढून नेते. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे. उजेड पुरेसा झाल्यावर शटर सेकंदाचा पाचशेवा भाग उघडले तर लाटेचे थेंब जागच्या जागी थांबतात. एक सेकंद उघडले तर परतणाऱ्या पाण्याच्या रेघा उमटतात. दहा-पंधरा सेकंद उघडले तर समुद्राचे धुके होते. यांपैकी काय घ्यावे ही आवडीची बाब आहे. पण ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही त्याला लाट लाटेसारखी दिसली पाहिजे, एवढे माझे म्हणणे.

दुसरा दोष क्षितिजाचा. समुद्राची रेषा एक अंशाने कलली तर मोबाइलवर कळत नाही. पाच फूट रुंद प्रतीत मात्र तिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा एक इंचाने खाली येते आणि समुद्र सांडतो आहे असे वाटते. तिसरा दोष भिंगाचा. खाऱ्या हवेचे तुषार भिंगावर बसतात आणि त्यांचे डाग नेमके मोकळ्या आभाळात दिसतात. गोड्या पाण्यात किंचित ओलावलेले मऊ फडके खिशात ठेवावे. कोरड्या मिठाने भिंग घासू नये. आणखी एक गंमत आपल्या किनाऱ्याची. सूर्य वर आला की आपली आणि तिपाईची लांबलचक सावली समोर वाळूवर, थेट चित्रात पडते. म्हणून महत्त्वाचे फोटो सूर्य डोंगराबाहेर येण्याआधीच घेऊन ठेवावेत.

मोबाइलवाल्यांना दोन सूचना. बोटांनी चित्र ताणून जवळ आणू नये, पायांनी पुढे जावे. आणि रंग आपोआप सुधारण्याची सोय बंद करता आली तर करावी. पहाटेचा गुलाबीपणा म्हणजे दोष, असे समजून यंत्र तो पुसू पाहते. कॅमेऱ्यात रंगाची मांडणी उन्हावर कायम ठेवली की पहाट पहाटेसारखी उतरते. ‘रॉ’ प्रकारची फाइल ठेवता येत असेल तर ठेवावी. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर रॉ फाइलमध्ये ४०९६ किंवा त्याहून अधिक. आभाळातला राखी रंग गुलाबीत हळूहळू मिसळतो तिथे या पायऱ्या कमी पडल्या की मोठ्या प्रतीत पट्टे उमटतात.

आभाळ उजळ आणि वाळू काळोखी, ही अडचण जुनी आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी छायाचित्रे काढली, त्यांतल्या काहींत त्यांनी आभाळ एका काचेवर आणि समुद्र दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही एकत्र छापली. त्या वेळच्या काचा एकाच वेळी दोन्ही टिपू शकत नव्हत्या. आजच्या कॅमेऱ्याला पुष्कळ जमते, फक्त आभाळाचा उजळ भाग कोरा पांढरा होऊ देऊ नये. काळोखातला तपशील नंतर थोडा वर काढता येतो. पांढऱ्या झालेल्या जागी काढण्यासारखे काही उरलेलेच नसते. आज संगणकावर दुसरीकडचे आभाळ, दुसरा चंद्र, हवा तर सूर्यसुद्धा क्षणात चिकटवता येतो. दिवाणखान्यासाठी कोणी तसे करो. शाळेच्या भिंतीसाठी करू नये. डोळ्यांना दिसले आणि कॅमेऱ्याला पेलले नाही, ते सुधारून घ्यावे. डोळ्यांना दिसलेच नाही, ते घालू नये. मर्यादा एवढीच.

मग प्रत किती मोठी करता येईल? हे गणित सातवीच्या वर्गालाही घालता येईल. डिजिटल चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइल चित्रात आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके असतात. इंचाला १०० ठिपके धरले तर प्रत ४० इंच रुंद व ३० इंच उंच होते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६००० आणि ४००० ठिपके. त्याच हिशेबाने ६० इंच आणि ४० इंच, म्हणजे रुंदी पाच फूट. इंचाला १०० पुरतात का? पुस्तकातल्या चित्राला ३०० लागतात, कारण पुस्तक दहा-बारा इंचांवर धरतात. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. त्या मानाने तीन फुटांवरून इंचाला सुमारे ९५ ठिपके आणि दहा फुटांवरून तीसदेखील पुरतात. वर्गात मुले भिंतीपासून तीन फुटांच्या आत क्वचितच येतात. तेव्हा साधा मोबाइलही भिंत सजवू शकतो, मात्र मूळ चित्र स्वच्छ हवे. ठिपके वाढवल्याने तपशील वाढत नाही. दुधात पाणी घातल्याने दूध वाढत नाही, तसेच हे.

छापायला देताना मूळ फाइल द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र वाटेत आकसते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. पडद्यावरचे चित्र आतून उजळलेले असते, कागद बाहेरच्या उजेडावर जगतो. त्यामुळे प्रत पडद्यापेक्षा काळसर येते. चित्र थोडे उजळ ठेवावे. रंग गडद करण्याचा मोह आवरावा, आणि रेषा धारदार करण्याचे काम अगदी शेवटी, आकार ठरल्यावर करावे. पूर्ण प्रत छापण्यापूर्वी आभाळाचा आणि वाळूचा एकेक वीतभर तुकडा खऱ्या आकारात छापून घ्यावा आणि वर्गातल्याच उजेडात पाहावा. थोड्या पैशांत मोठे नुकसान टळते. कागद चकाकीचा घेऊ नये. खिडकीचे प्रतिबिंब पडून अर्ध्या वर्गाला चित्र दिसत नाही. पावसाळ्यात भिंत ओल धरते, म्हणून चौकटीमागे लाकडाच्या पट्ट्या लावून बोटभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर बुरशी येते.

चित्र लावावे ते वर्गाच्या पश्चिमेच्या भिंतीवर, थेट ऊन पडणार नाही अशा जागी. खाली मोठ्या अक्षरांत गाव, तारीख, तिथी, वेळ आणि दिशा लिहावी. तिथी लिहिली की चंद्र का आहे ते कळते, वेळ लिहिली की पाणी मागे का गेले ते कळते. मग मुलांना विचारावे, या चित्रात सूर्य कुठे आहे? मुले चित्रात शोधतील, सापडणार नाही. त्यांना थोडा वेळ शोधू द्यावे. एखादे मूल चित्राकडची नजर काढून मागे वळेल आणि पूर्वेच्या खिडकीकडे बोट दाखवील. त्या मुलाला समुद्राचे चित्र कळले, आणि दिशाही कळल्या.