कारल्याचा तोडा दोन महिन्यांनी, मग माहेर कधी?

हस्ताचा पाऊस लागला की गावोगाव हादगा बसतो. कुठं त्याला भोंडला म्हणतात, खानदेश-वऱ्हाडाकडं त्याच सुमारास भुलाबाई असते. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती पोरींचा फेर आणि शेवटी खिरापत ओळखायची. आपली शेतकरी माणसं तेव्हा ज्वारीच्या पेरणीच्या घाईत. गाणी कानावर पडतात, पण कान देतो कोण?

त्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं सगळ्यांना ठाऊक आहे. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी लाव. सून लावते. मग ते उगवू दे, वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, त्याची भाजी कर, जेवणं उरक, भांडी घास. दर कडव्याला एक काम वाढतं आणि माहेर पुढं सरकतं. पोरी हसत म्हणतात, आपणही हसतो.

आता हेच गाणं शेतकऱ्याच्या हिशेबानं मांडून बघा. कारल्याचं बी उगवायला आठवडाभर, पहिला तोडा यायला ५५ ते ६० दिवस. म्हणजे दोन दिवसांच्या माहेरपणासाठी दोन महिन्यांची ताटकळ. सासूनं 'नाही' असं एकदाही म्हटलेलं नाही. कुणी हात उचललेला नाही. तक्रार करायची तर कशाची करणार? अंगावर वळ न उठवता माणूस कसा कोंडायचा, हे त्या गाण्यात बिनचूक सांगितलंय.

जात्यावरची ओवी याहून अवघड. लहानपणी आमच्या घरी पहाटे जातं फिरायचं. थोरली आई, म्हणजे माझी थोरली चुलती, दळायला बसायची. ओवी गोड असायची. भाऊ न्यायला येतोय, त्याच्या वाटेकडं डोळे लागलेत, असलं काहीतरी. मी मोठा झाल्यावर, ती थकल्यावर, एकदा धीर करून विचारलं, "आई, थोरले आबा तुला मारायचे का गं?" ती वातीला पीळ देत होती. म्हणाली, "आता काय इचारतोस? रोज जात्यावर सांगत हुते की. तुमी समदी निजलेली."

मला काही सुचेना. ऐकलेल्या ओव्या आठवून बघितल्या. मारल्याचा उल्लेख एकीतही नव्हता. मग ध्यानात आलं, की त्या सगळ्या ओव्यांत नवरा जवळपास नव्हताच! भाऊ होता, आई होती, विठ्ठल होता, सीता होती. ज्याच्याबरोबर जन्म काढला, त्याचं नाव तिच्या गाण्यात क्वचितच यायचं.

ओवी ऐकायची ती अशी. बाई कुणाशी बोलते हे आधी बघावं. ती दगडाच्या जात्याशी बोलते, म्हणजे घरात बोलायला माणूस नाही. भावाची सारखी वाट बघते, ते निव्वळ माया म्हणून नव्हे. तो आला की चार दिवस सुटका. नवऱ्याच्या रागाची ओवी असते तिच्यात बऱ्याचदा चूक आपल्याच अंगावर घेतलेली असते. ती खरी मानू नये. मार खाणारं माणूस पहिल्यांदा स्वतःलाच दोष देतं, हे गावात बसून न्यायनिवाडा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

सीतेची एक ओवी तर गावोगाव आहे. सीतेला झालेला सासुरवास तिनं थोडा थोडा वाटून दिला, तो देशोदेशीच्या बायांच्या पदरी आला, असा तिचा भाव. वरवर ही देवाची भक्ती वाटते. पण दळणारी बाई जे सांगते ते असं, की माझं नशीब एकटीचं नाही, ही चाल वरूनच आलीय. तक्रार करायची तर देवीच्या नावानं करावी, म्हणजे कुणी तोंड दाबत नाही.

असल्या ओव्या साने गुरुजींनी जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी जमवल्या. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून हजारावर गावांतल्या लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. गाणाऱ्या बाया तीन हजारांवर. २०१७ पासून 'पारी' या संस्थेनं त्या प्रसिद्ध करायला घेतल्या. एवढ्या मोठ्या साठ्यात सासुरवासाच्या ओव्यांचा ढीग आहे. इतक्या बाया एकाच सुरात खोटं बोलतील का?

पिठाची गिरणी आली, जातं गोठ्याच्या पायरीला लागलं. ओवी गेली, सासुरवास काही गेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या लग्न झालेल्या चार बायांपैकी साधारण एकीनं नवऱ्याचा जाच सोसल्याचं सांगितलं. न सांगणाऱ्या वेगळ्याच.

पोलीस पाटील, ग्रामसेवक, अंगणवाडीताई यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. छळाचं जुनं ४९८-अ कलम १९८३ साली आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं. पण कारल्याच्या गाण्यातला जाच जास्त नेमका पकडतो तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २००६ च्या ऑक्टोबरात लागू झालेला. त्यात मारहाणीबरोबर टोचून बोलणं, अपमान, पैसाअडका आणि स्त्रीधन अडवून धरणं हेही हिंसाचारात धरलंय. आणि बाईनं स्वतःच तक्रार करावी असं नाही. शंका आलेला कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर त्याच्यावर काही बालंट येत नाही. "तिनं काही सांगितलंच नाही" ही सबब त्यामुळं टिकत नाही. बाईला फोन करायचा असेल तर १८१.

हादग्याच्या फेरात मी पोरींना विचारलं, "कारलं लागायला किती दिवस लागतात गं?" सातवी-आठवीतली एक पटकन म्हणाली, "दोन महिने. पण मधीच भुरी पडली तर परत लावायचं की, काका."