रोगनामे आणि क्रियापदे : आरोग्य-संशोधनातील एक भाषिक प्रश्न

घोड व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील शिरूर व दौंड तालुक्यांत प्रश्नावली घेऊन घरोघर जाणाऱ्या संशोधकास पहिली अडचण येते ती शब्दांची. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ साली परिसरातील लोकसंख्येची व आरोग्याची नियमित नोंद सुरू केली. अशा कोणत्याही नोंदीचे मोल प्रश्न व उत्तर यांतील शब्द एकाच अर्थाचे असण्यावर अवलंबून असते.

‘ताप येतो का?’ हा प्रश्न वरकरणी निःसंदिग्ध वाटतो. परंतु ताप, कणकण व कसर या बोलीत निरनिराळ्या अवस्था होत. सायंकाळी अंगात बारीक कसर असणारा मनुष्य ‘ताप नाही’ असे प्रामाणिकपणे सांगू शकतो आणि क्षयाचे एक महत्त्वाचे लक्षण नोंदीतून निसटते.

क्रियापदांचेही असेच आहे. ताप येतो, चढतो व उतरतो, सर्दी होते, दृष्ट लागते, गारवा बाधतो. मात्र व्याकरणावरून श्रद्धेचे अनुमान काढणे धोक्याचे. दृष्ट ‘काढतात’ तेव्हा बाधा दूर करणे अभिप्रेत असते. पूर्वी बालकाच्या ‘देवी काढीत’, तेव्हा मात्र निरोगी बालकास लस टोचली जाई. क्रियापद एक, व्यवहार भिन्न. देवीचा रोग भारतातून १९७५ साली हटला. शब्दप्रयोग वृद्धांच्या बोलण्यात उरला.

हा प्रश्न मराठीपुरता नाही. टांझानियात मुलांना येणाऱ्या आकडीस स्वाहिली भाषेत ‘देगेदेगे’ म्हणतात. वैद्यकाच्या दृष्टीने तिचा संबंध बहुधा तीव्र हिवतापाशी असतो. अनेक पालक मात्र तिला हिवतापाहून वेगळा, भूतबाधेसारखा विकार मानतात व प्रथम पारंपरिक वैद्याकडे जातात. अशा घरी ‘हिवताप झाला होता काय?’ असे विचारल्यास नकारच मिळणार, आणि उपचारास झालेला विलंबही अज्ञात राहणार.

वैद्याचा ‘रोग’ आणि रोग्याचे ‘आजारपण’ यांतील जो भेद आर्थर क्लाइनमन यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात विशद केला, तो येथे उपयोगी पडतो. संशोधकाने प्रथम रोग्याचे निवेदन त्याच्याच शब्दांत, क्रियापदासह, टिपावे. वैद्यकीय संज्ञा शेजारच्या रकान्यात नंतर लिहावी. पहिला रकाना रिकामा ठेवून दुसरा भरल्यास आकडे नीटनेटके दिसतील, पण कसर असलेला रोगी त्यांत सापडणार नाही.