पोरं होस्टेलला निघाली: ट्रंक भरण्याआधी घरात काय ठरवायला हवं?

बारावी, पीयूसीचे निकाल लागले, सीईटीच्या फेऱ्या आटोपल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शेकडो घरांत एकच गडबड सुरू होते. कुणाला कोल्हापूर-पुण्याला प्रवेश मिळतो, कुणाला धारवाड-हुबळीला, कुणाला थेट बेंगळुरूला. गोव्यातली मुलं पुण्याकडे निघतात, इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांतलीही बरीच मुलं शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जातात. गादी, बादली, चटणीचे डबे यांची यादी होते, पण मूल एकटं राहायला तयार झालंय का, हा विचार बहुतेक वेळा गाडी सुटल्यावरच सुचतो.

खरं तर प्रवेश नक्की झाल्यापासून होस्टेलला जाईपर्यंत महिना-दीड महिना हातात असतो. तो खरेदीत घालवायचा की तयारीत, हे पालकांनीच ठरवायचं.

आधी कागद, मग कपडे

सीमाभागातल्या मुलांची पहिली अडचण कागदपत्रांची असते. दहावी-बारावी कर्नाटकात करून महाराष्ट्रातल्या कॉलेजात जायचं म्हटलं की बोर्ड बदलतं. त्यामुळे शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर मायग्रेशन प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पात्रता, ज्याला कॉलेजचे क्लार्क नुसतं 'एलिजिबिलिटी' म्हणतात, या दोन गोष्टी मागितल्या जातात. हे कागद सुरुवातीलाच काढले नाहीत तर पहिलं सत्र सुरू झाल्यावर मुलाला तास बुडवून गावाकडे फेऱ्या माराव्या लागतात.

नाडकचेरीतून मिळणारे जातीचे, उत्पन्नाचे दाखले कन्नडमध्ये असतील तर त्यांची इंग्रजी प्रत आधीच मागून घ्यावी. पुण्यातल्या ऑफिसात कन्नड दाखला वाचणारं कुणी भेटेलच असं नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते: एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यातल्या आरक्षणाला सहसा चालत नाही. त्यामुळे फीचा हिशोब करताना सवलत गृहीत धरू नये.

मात्र महाराष्ट्राच्या अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातल्या उमेदवारांसाठी वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांमधल्या मराठी मुलांना तिचा उपयोग होतो. तिथे शिक्षण झाल्याचे आणि मातृभाषा मराठी असल्याचे दाखले ठरावीक नमुन्यात लागतात. ज्यांची मुलं पुढच्या वर्षी बारावीला आहेत, त्यांनी त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका आतापासूनच बघून ठेवावी.

सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, दहा-बारा पासपोर्ट फोटो आणि मोबाईलवर डिजिलॉकर, एवढी तयारी पुरते. मूळ प्रती ट्रंकेत टाकून पाठवू नयेत. लागतील तेव्हा न्याव्यात आणि परत घरी आणाव्यात.

होस्टेल की रूम?

कॉलेजचं वसतिगृह मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर पीजी किंवा चार पोरांनी मिळून घेतलेली रूम, हे पर्याय उरतात. पैसे भरण्याआधी पालकांनी स्वतः जाऊन बघावं आणि बघताना खोलीपेक्षा बाकीच्या गोष्टी जास्त बघाव्यात. पाणी किती वाजता येतं? मेस रविवारी रात्री बंद असते का? गेट किती वाजता लागतं? रात्री मूल आजारी पडलं तर उठवायचं कुणाला? वरच्या वर्गातली दोन मुलं गाठून विचारलं तर रेक्टरपेक्षा जास्त खरी माहिती मिळते.

डिपॉझिट भरलं की पावती घ्यावी. मूल मध्येच सोडून आलं तर त्यातलं किती परत मिळेल, हे त्याच वेळी विचारावं. नंतर विचारलं की उत्तर बदलतं.

बऱ्याच वसतिगृहांत 'स्थानिक पालक' म्हणून कुणाचं तरी नाव लागतं. आपल्याकडे लगेच पुण्यातली आत्या किंवा कोथरूडचे मामा आठवतात. नाव देण्याआधी त्यांना नीट विचारावं. रात्री अकराला फोन आला तर जमेल ना, दवाखान्यात जावं लागलं तर सही कराल ना, हे स्पष्ट बोललेलं बरं. आणि मुलालाही सांगावं की आत्याचं घर दर रविवारी जेवायला जाण्यासाठी नाही, पण अडलं तर तिथे जायला लाजायचंही नाही.

महिनाभराची तालीम

आईने घडी घालून दिलेले कपडे अठरा वर्षं घालणाऱ्या पोराला होस्टेलमध्ये पहिला धक्का बादलीभर कपड्यांचा बसतो. म्हणून जाण्याआधी महिनाभर घरातच तालीम करून घ्यावी. मुलगा असो की मुलगी, आपले कपडे आपण धुणं, बटण लावणं, खोली झाडणं, स्वतः उठणं हे आपलं आपण करायचं. गजर लावून सकाळी आईने हाक न मारता उठता येतं का, हे घरीच कळलेलं चांगलं.

बँकेत, पोस्टात, दवाखान्यात मुलाला एकट्याला पाठवावं. केसपेपर काढणं, डॉक्टरांना स्वतःचा त्रास नीट सांगणं, हे अनेक मुलांनी कधी केलेलंच नसतं. रक्तगट, ॲलर्जी, सुरू असलेल्या गोळ्या एका कागदावर लिहून पाकिटात ठेवाव्यात. तापाची गोळी, ओआरएस, बँडेज एवढं जवळ असावं. पण दोन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टरकडे जायचं, हेही बजावून सांगावं.

पैशांचं बोलणं टाळू नये. मेस, प्रवास, रिचार्ज, झेरॉक्स आणि चहा-नाश्ता असा महिन्याचा हिशोब मुलासमोर बसून मांडावा. फी भरायला किती ओढाताण झाली, हे त्याला माहीत असावं, पण प्रत्येक फोनवर ऐकवू नये. रक्कम महिन्याला एकदाच पाठवावी. पंचवीस तारखेला पैसे संपले तर उरलेले दिवस कसे काढायचे, हे मूल पहिल्या दोन महिन्यांत शिकतं. ऑनलाइन पैसे पाठवण्याचा पिन कुणालाही द्यायचा नाही, रूममेटलाही नाही.

प्रवासाचाही हिशोब मांडावा. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे धारवाडला शिकणाऱ्या मुलीला घरी येणं परवडतं. पण कोल्हापूर-पुण्याच्या गाडीत ही सवलत धरून चालू नये. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही त्या राज्याच्या हद्दीपुरतं.

भाषेची धास्ती

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात वाटतं की वर्गात आपल्याला सोडून सगळ्यांना इंग्रजी येतं. अनेकांचं तसंच असतं, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. तांत्रिक शब्द दोन-तीन महिन्यांत कानावर बसतात. तोवर न कळलेलं वहीत लिहून ठेवायचं आणि वर्ग सुटल्यावर विचारायचं, ही सवय लावावी.

धारवाड-बेंगळुरूला जाणाऱ्याला कामापुरतं कन्नड बोलता येत असेल तर मेसवाला, रिक्षावाला, वॉर्डन सगळ्यांशी सोपं जातं. उलट पुण्याला गेलेल्या आपल्या पोरीला तिच्या बोलण्यातल्या हेलावरून कुणीतरी 'तू कर्नाटकातली का?' असं विचारतं. घरी मराठीसाठी झगडणारी माणसं बघत वाढलेल्या मुलीला हे टोचतं. 'हो, बेळगावची मराठी' एवढं सांगून पुढे जायचं, चिडायचं नाही आणि हेल लपवायचाही नाही, हे घरातून सांगून पाठवलेलं असावं.

रॅगिंग: न लाजता सांगायची गोष्ट

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार रॅगिंगवर बंदी आहे आणि विद्यार्थी व पालक दोघांकडून हमीपत्र घेतलं जातं. बरेच पालक ते न वाचता सही करतात. एकदा मुलासोबत बसून वाचावं. 'ओळख करून घेतोय' म्हणत अपमान करणं, पैसे उकळणं, जबरदस्तीने काही करायला लावणं, हे सगळं रॅगिंगमध्ये येतं. १८००-१८०-५५२२ हा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. तो मुलाच्या आणि पालकांच्या, दोघांच्या फोनमध्ये असावा. आणि 'तू काही केलं असशील' हे वाक्य घरातून कधी येणार नाही, याची मुलाला खात्री असावी.

ट्रंकेत काय?

पातळ गादी, दोन चादरी, बादली-मग, कपडे वाळवायची दोरी व चिमटे, दोन कुलपं, एक्स्टेंशन बोर्ड, टॉर्च, छत्री. एवढ्यावर सुरुवात होते, बाकीचं तिथे मिळतं. किटली, इस्त्री, शेगडी नेण्याआधी नियम बघावेत, बऱ्याच ठिकाणी परवानगी नसते. खायला शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग, लाडू असं कोरडं द्यावं. पावसाळ्यात ओलं टिकत नाही. आणि डबा जरा मोठाच द्यावा, कारण पहिल्याच रात्री तो खोलीत फिरतो आणि त्यातूनच ओळखी होतात.

पहिले तीन आठवडे

सोडायला गेल्यावर रेक्टरना भेटावं, मेसचं जेवण मुलासोबत एकदा जेवून बघावं आणि दिवस मावळायच्या आत निघावं. लॉजवर दोन दिवस मुक्काम ठोकला तर मूल खोलीत रमत नाही.

फोनची एक वेळ ठरवावी. दिवसातून पाच वेळा 'जेवलीस काय गं?' विचारलं की मुलगी 'हो' म्हणते, जेवली नसली तरी. त्यापेक्षा रात्री एकदा फोन करून आज काय झालं ते निवांत ऐकावं. पहिल्या आठवड्यात 'मला इथे नाही राहायचं, घेऊन जा' असा रडका फोन बहुतेक घरांत येतो. लगेच गाडी काढू नये आणि रागावूही नये. ऐकून घ्यावं, घरी यायची पुढची तारीख ठरवावी. गणपतीला यायचंय, एवढा आधारही पुरतो.

मात्र दोन-तीन आठवड्यांनंतरही मूल जेवत नसेल, झोपत नसेल, तास बुडवत असेल, फोन घेणं टाळत असेल किंवा जगण्याबद्दल निराशेचं बोलत असेल, तर ते नुसतं घर आठवणं नाही. तेव्हा थांबू नये, जाऊन भेटावं, रेक्टरशी बोलावं, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठी, कन्नडसह अनेक भाषांत बोलता येतं. जीव मोठा, वर्ष नाही. एक वर्ष गेलं तरी चालेल, हे मुलाला निघण्याआधीच एकदा स्वच्छ शब्दांत सांगून ठेवावं.

आणि घरी राहिलेल्यांचं काय? रिकामी खोली, उरलेली भाकरी, आठ वाजता दाराकडे जाणारं लक्ष हे काही महिने चालतं. त्या खोलीत लगेच धान्याची पोती रचू नयेत. पोर सुट्टीला येतं तेव्हा आपली जागा आहे का, हे आधी बघतं.